सड्यावरची पाल

रत्नागिरी, राजापूर, देवगड या तालुक्यांतील समुद्रालगतच्या जांभ्याच्या सड्यांची महसुली दप्तरात बहुधा पोटखराबा म्हणूनच नोंद सापडते. आणि जिथे नांगर रुतत नाही त्या कातळाला वसुलीच्या दृष्टीने दुसरे नाव तरी कोणते द्यावे? परंतु याच कातळावरील सुट्या दगडांखाली पांढरट आडव्या पट्ट्यांची एक बोटभर पाल राहते, जिचे शास्त्रीय वर्णन ॲलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण यांनी १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावच्या नमुन्यांवरून प्रथम प्रसिद्ध केले. तिची छायाचित्रे घेणे हा माझा अनेक वर्षांचा व्यासंग आहे.

ती निशाचर, दिवसा दगडाखाली निश्चल असते. म्हणून कातळ तापण्यापूर्वी, सकाळीच सड्यावर जावे. दगड उचलताना त्याची पलीकडची कड धरून तो आपल्याकडे कलता करावा, म्हणजे उघडणारी फट आपल्या विरुद्ध दिशेस राहते. कारण पालीच्या शेजारी फुरसेही असू शकते, आणि रत्नागिरीच्या सड्यावर त्याचे वास्तव्य ही नवलाची गोष्ट नव्हे. पालीला बोट लावू नये. धरू पाहणाऱ्याच्या हाती ती शेपटी टाकून निसटते, आणि त्या जाडसर शेपटीत तिची दुर्भिक्ष्यातली शिदोरी, म्हणजे चरबी, साठविलेली असते.

पोटावर पालथे पडून भिंग तिच्या नेत्रांच्या पातळीस आणले, की पापणीविरहित डोळ्यातील उभी बाहुली सूर्यप्रकाशात रेषेइतकी बारीक झालेली दिसते. त्या डोळ्यावर प्रखर प्रकाशझोत सोडण्यापेक्षा पांढऱ्या कापडातून गाळलेला मंद प्रकाश मला अधिक न्याय्य वाटतो. नवशिक्यांची हौस मात्र निराळी: चौकट भरून मुखवटा टिपायचा आणि मागचे सारे धूसर करून टाकायचे. अशा चित्रात सौंदर्य असते, साक्ष नसते. पालीच्या भोवतीचा सच्छिद्र, तांबूस कातळ, वाळलेले गवत आणि ती निघाली तो दगड स्पष्ट दिसला, तरच ते चित्र त्या खराबा जमिनीच्या बाजूने पुरावा ठरते. कारण चिऱ्यांच्या खाणी आणि कलमांच्या बागा सड्यावर पुढे सरकत आहेत, आणि खणून नेलेल्या कातळासवे तिचा आसराही जातो.

सड्यावर जाणाऱ्या प्रत्येकास माझी कळकळीची विनंती आहे: पाल बाजूस झाल्याची खात्री करून दगड त्याच खळग्यात, त्याच कुशीवर बसवा, आणि तिला स्वतःहून त्याखाली परतू द्या.