माशांचा रंग का उडतो?

माणसाचा चेहरा उतरला की घरातील मंडळी त्यास विचारतात, “काय होते आहे?” मुक्या जीवास असे विचारता येत नाही. गाय चारा टाकते, कोंबडी पंख पाडून बसते आणि काचपेटीतला इवलासा मासा आपला रंग टाकतो. त्या खुणेवरूनच त्याचे दुखणे ओळखावे लागते.

आम्ही उभयता भोपाळला राहतो. हे तळ्यांचे शहर. येथील मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला, अशी परंपरा आहे. २००२ मध्ये मोठा व छोटा हे दोन्ही तलाव मिळून ‘भोज पाणथळ’ या नावाने रामसर यादीत नोंदले गेले. या शहरात एकेकाळी माशाच्याच आकाराची ‘मछलीघर’ नावाची इमारत होती. ती आज उरलेली नाही. परंतु घरी मासे पाळण्याची हौस मात्र टिकून आहे.

आमच्या शेजारच्या आजींचा नातू दीर्घ तापाने अंथरुणास खिळला होता. त्याचे मन रमावे म्हणून त्यांनी खाटेशेजारी काचपेटी मांडून बारा निऑन टेट्रा आणले. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातला हा जेमतेम दीड इंचाचा मासा. अंगावर निळा झळाळता पट्टा आणि खाली लाल. १९३६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पोरगा रोज सकाळी ते मोजी. तिसऱ्या आठवड्यात लाल रंग पांढुरका होऊ लागला, दोन मासे दगावले आणि पोराने खाणेपिणे सोडले. आजी दुकानातून निळे औषध घेऊन आल्या व म्हणाल्या, “घालू का हे पाण्यात?” आम्ही म्हटले, “आजी, जरा थांबा. आधी पाणी पाहू या.”

रंग जाणे हा रोग नव्हे, ती खूण होय. आणि एकाच खुणेमागे अनेक कारणे असू शकतात. म्हणून प्रथम वेळ पाहावी. निऑनचा निळा पट्टा म्हणजे रंगद्रव्य नव्हे. त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परतल्याने तो दिसतो. अंधारात या स्फटिकांची ठेवण बदलते व मासा फिका पडतो. पहाटे दिवा लावताच तो निस्तेज दिसला, तरी थोड्या वेळाने रंग परत येतो. त्यास औषध कशाला?

मग भोवताल पाहावा. तळाशी पांढरी वाळू, लपावयास एकही वनस्पती नाही, डोक्यावर प्रखर दिवा आणि सोबतीस दांडगा मासा असेल, तर भ्यालेला जीव रंग आवरून घेतो.

तिसरे पाणी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना जाळते. एक दिवस उघडे ठेवल्यास ते बहुधा उडून जाते. परंतु क्लोरामाइन उडत नाही, त्यास थायोसल्फेटचे थेंब लागतात. भोपाळच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांवर चढतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्यातच वीज जाऊन पंप बंद पडला तर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात.

याहूनही घातक म्हणजे अमोनिया. माशांची विष्ठा व उरलेले अन्न कुजून तो निर्माण होतो. उपकारक जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. परंतु नव्या पेटीत हे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आजींच्या पेटीतील पाण्यात तपासणीचे थेंब टाकले. ते पिवळे राहावयास हवे होते, ते गर्द हिरवे झाले. निळे औषध घातले असते, तर उरलेसुरले जिवाणूही मेले असते.

एवढे अन्न आले कोठून? पोराने हळूच सांगितले, “रात्री मला झोप येत नाही. त्यांनाही भूक लागत असेल म्हणून मी घालतो.” त्यास कोणी रागावले नाही. प्रेमाचाही अतिरेक होतो, हे मोठ्यांनाही कोठे कळते? रोज पाव हिस्सा पाणी बदलले, खाणे दिवसातून एकदा चिमूटभर ठेवले आणि नोंदवहीचे काम त्याच्याकडे सोपविले. दहाव्या दिवशी त्याने वहीत लिहिले, “लाल दिसतो.” दहाही मासे वाचले.

पाणी निर्दोष निघाल्यास आहार पाहावा. लाल-पिवळ्या रंगाचे कॅरोटिनॉइड माशांस स्वतः बनविता येत नाही. शेवाळ व बारीक जलजीवांतून ते मिळते. सदैव एकच शिळे कोरडे खाद्य मिळाले की रंग ओसरतो.

कधी मूळ रंगच खोटा असतो. आपल्याकडील पारदर्शक काचमाशास सुईने रंग टोचून विकण्याची क्रूर रीत आहे. तो रंग काही महिन्यांत जातो; तेथे रंग जाणे हेच बरे होणे. विहिरीत डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांतील मादी मुळातच मळकट असते. ती आजारी नसते.

हे सर्व पाहून झाल्यावरच रोगाचा संशय घ्यावा. निऑनच्या पाठीच्या स्नायूंत पांढुरका डाग पडून तेथेच पट्टा तुटला, मासा थव्यापासून वेगळा राहू लागला व पुढे पाठ वाकली, तर तो बहुधा निऑन रोग होय. १९४१ मध्ये त्याच्या सूक्ष्म परजीवीचे वर्णन झाले. त्यावर खात्रीचा उपाय आजही नाही. काही जिवाणूजन्य रोगही तसेच दिसतात व सूक्ष्मदर्शकावाचून निश्चय होत नाही. म्हणून असा मासा वेगळा ठेवावा, आणि मेलेला तत्काळ काढावा. कारण इतर मासे त्यास कुरतडतात व रोग पसरतो.

मुक्या जिवाच्या बाबतीत घाईचे औषध हे पुष्कळदा आपल्याच मनाच्या समाधानासाठी असते. त्याच्या हिताचे औषध म्हणजे चार दिवसांचे डोळसपणे पाहणे. ते बाजारात मिळत नाही. पण ज्याच्या घरी थोडा धीर आहे, त्याच्या घरी ते असतेच.