पट्टाणी कीरै

माझं माहेर सासवडजवळ. पुण्याच्या बाजारात पुरंदरचा वाटाणा म्हणून जो भाव खातो, तो आमच्याकडचा. त्यामुळे चेन्नईत मैलापूरला दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड थाटल्यावर गॅलरीतल्या कुंडीत मी पहिल्यांदा वाटाणाच टोकला. वेल वीतभर चढला, चार फुलं आली आणि गळून पडली. वाटाणा थंडीचा भुकेला, चेन्नईच्या उकाड्यात त्याला शेंग धरवत नाही. शेतकऱ्याच्या मुलीला हे आधी कळायला हवं होतं, पण हौस कुठे विचारून येते!

शेंग नाही तर नाही, कोंब तरी खाऊ, असं मग मनात आलं. चिनी स्वयंपाकात वाटाण्याचे कोवळे शेंडे ही नेहमीची भाजी आहे. पंधरा दिवसांत कापायचं, म्हणजे फुलाची वाट बघायलाच नको.

पहिल्या खेपेला वाण्याकडून हिरवे वाटाणे आणले. रात्री भिजत घातले, सकाळी पाणी पोपटी! रंग दिलेला माल. शंभरातल्या सात-आठांना मोड आले असतील. दुसरी खेप नवरात्रातली. इथे घरोघरी बाहुल्यांचा गोलू मांडतात आणि रोज कसलं ना कसलं सुंडल, म्हणजे उकडून परतलेलं कडधान्य, वाटतात. त्यातले पांढरे वाटाणे, आपण रगड्याला घेतो ते, उरले होते. मोड झकास आले. पण बाहेर ईशान्य मोसमीची झोड, हवा ओली, आणि मी वर दोन वेळा पाणी घालत होते. चौथ्या दिवशी दाण्यांवर कापसासारखी बुरशी आणि आंबूस वास. सगळं फेकलं.

मार्गळी महिना लागला आणि चित्र बदललं. डिसेंबरच्या मध्यापासून इथे पहाटे जरा गारवा असतो, म्हणजे पारा विशीपर्यंत उतरतो. मैलापूरकर तेवढ्यावर कानटोपी घालतात. वाटाण्यालाही तो पुरला.

भाजी धुवायची प्लास्टिकची चाळणी घेतली, कारण तळाला भोकं आयतीच होती. तिच्यात दोन बोटं जाडीचा भिजवलेला काथ्याचा भुसा पसरला. आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहिले, नऊ फुटले, तेव्हाच बाकीचे भिजवले. बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी बी मात्र मुद्दाम टाळलं. त्याला औषध चोळलेलं असतं आणि आपल्याला पंधरा दिवसांत खायचं असतं. भिजलेले वाटाणे एकमेकांना खेटून पसरले आणि तीन दिवस वर ताट झाकलं, अर्धं अंधारासाठी आणि अर्धं खारीसाठी. तरी एक कोपरा खारीने नेलाच. पाणी एकदाच, सकाळी, तेही भुसा बोटाला कोरडा लागला तर.

मुगाचा दाणा डोळे वटारून मातीवर येतो. वाटाण्याचा खालीच बसून राहतो आणि नुसती मान वर काढतो, तीही वाकवलेली. पाचव्या दिवशी मान सरळ झाली, आठव्या दिवशी पानं उलगडली. मग टोकाला केसाएवढे तंतू आले आणि शेजारच्या कोंबाला वेटोळं घालू लागले.

शेजारच्या मामी कपडे वाळत घालताना हे रोज बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "पालिकै? घरात कुणाचं लग्न आहे का?" त्यांच्याकडे लग्नात सुवासिनी मातीच्या पाच कुंड्यांत भिजलेलं धान्य पेरतात आणि नंतर ते कोंब पाण्यात सोडतात. मी म्हटलं, आमच्याकडे घटाला असंच धान उगवतं, दसऱ्याला ते टोपीत खोवतात. "पण हे खाणार आहे मी." मामी चमकल्या. "पट्टाणी कीरै?" पट्टाणी म्हणजे वाटाणा, कीरै म्हणजे पालेभाजी. माडा स्ट्रीटवर रोज अरैकीरै, सिरुकीरै, पोन्नांगण्णीच्या जुड्या निवडून घेणाऱ्या या बाईच्या यादीत ही नव्हती.

बाराव्या दिवशी कोंब चार बोटं उंचीचे झाल्यावर कात्रीने कापले, सगळ्यात खालची गाठ ठेवून. दाणा आत शाबूत असतो, त्यामुळे त्या गाठीतून पुन्हा फुटतं. दुसरी कापणी मिळाली, पण निम्मीच. शंभर ग्रॅम वाटाण्यातून पहिल्या कापणीला दोन मुठी कोंब निघाले.

त्याचा घोळाणा केला. कोंब बारीक चिरले, कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, मीठ आणि वरून कच्चं तेल. आमच्याकडे हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा करतात. ते शेंडे खुडताना पानांवरची आंब बोटांना लागते आणि मग बोटं चोखायची. वाटाण्याला आंब नाही, पण कोवळी शेंग सोलताना येतो तो वास तोंडभर येतो. आईला फोनवर सांगितलं. "वाटाण्याचा पाला? तो आपण बैलांना घालतो गं," असं म्हणून ती हसतच सुटली.

मामी कांदा खात नाहीत. त्यांना दुसऱ्या कापणीतली मूठभर भाजी नुसती दिली. संध्याकाळी माझी वाटी परत आली, तिच्यात मोहरी, उडदाची डाळ आणि ओलं खोबरं घालून परतलेलं पोरियल. शिजून चमचाभर उरलं होतं. "कीरै चांगली आहे," मामी म्हणाल्या, "पण एवढ्याने घर कसं जेवायचं?"

फेब्रुवारीअखेर पुन्हा पेरलं. कोंब आले, पण दोऱ्यासारखे बारीक आणि पिवळे, दुपारी माना टाकायचे. चाळणी धुतली आणि पुन्हा स्वयंपाकघरात नेली.