वाढण्याचे शिक्षण

‘बी. कॉम. झाल्यावर काय करणार?’ असा प्रश्न आमच्या वर्गात सरांनी विचारला की उत्तरे ठरलेली असतात. बँक, सी. ए., एखादी स्पर्धा परीक्षा, नाहीतर वडिलांचे दुकान. हॉटेलात जाणार असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर वर्ग हसेल. आणि गंमत अशी की, तास सुटल्यावर हेच सगळे जण हॉटेलात जाऊन बसतात, आणि समोर चहाचा कप ठेवणारा मुलगा आपल्याच वयाचा आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘सेवा क्षेत्र’ हा शब्द मात्र आम्ही परीक्षेत दहा-दहा मार्कांना लिहितो.

या सेवा क्षेत्रातली एक विद्या सरकार फुकट शिकवते, हे मला २०२२ साली बारावीत असताना कळले. कळण्याचे कारण माझा मामेभाऊ. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. नववीनंतर त्याची शाळा सुटली आणि तो बेळगावातच एका हॉटेलात लागला. आधी टेबले पुसायला, मग मोरीवर, मग सप्लायर. (आमच्याकडे वेटरला सप्लायर म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हसू नये.) एका हातावर चार बशा तो सहज नेतो. सहा टेबलांची बिले कागदाशिवाय त्याच्या डोक्यात असतात, आणि गल्ल्यावर येऊन तो ती धडाधड सांगतो. एका टेबलाशी कानडी, शेजारच्या टेबलाशी मराठी, कॅम्पातून आलेल्या जवानाशी हिंदी. आम्ही अकौंटन्सीत खतावणीची पाने उलटत बसतो तेव्हा मला पुष्कळदा दादाची आठवण होते. त्याची खतावणी चालता चालता होते.

तर या दादाच्या हाती कोणीतरी एक माहितीपत्रक दिले. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची ‘हुनर से रोजगार तक’ नावाची योजना. ती २००९-१० मध्ये सुरू झाली. मुलगा निदान आठवी पास हवा, वय १८ ते २८. पदार्थ बनवण्याचा वर्ग आठ आठवड्यांचा आणि वाढण्याचा सहा आठवड्यांचा. फी मंत्रालय भरणार, आणि वर विद्यावेतन. योजना सुरू झाली तेव्हा स्वयंपाकाच्या मुलाला २००० रुपये आणि वाढप्याला १५०० रुपये ठरले होते. म्हणजे महिन्याला नव्हे, सबंध वर्गाला मिळून. पुढे यात बेकरी आणि हाउसकीपिंग, म्हणजे खोल्यांची निगा राखणे, हेही आले.

अर्ज मी भरला, कारण घरात अर्ज भरणारा मीच. मामींना ही कल्पनाच पटेना. “वाढायला कसली आलीय शाळा? आम्ही काय शाळंत जाऊन वाढाय शिकलो?” मामांचा आक्षेप निराळा आणि जास्त खरा होता. “दीड महिना पगार बंद, मग घरात काय शिजवायचं सांग की.” वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला त्यांचे म्हणणे बिनतोड वाटले. शिक्षण फुकट असते ते फीपुरते. शिकताना बुडणारी मजुरी हा त्या शिक्षणाचा खर्चच असतो आणि तो घर सोसते. हे आमच्या पाठ्यपुस्तकात ‘संधी व्यय’ या मथळ्याखाली आहे. मामांना मथळा ठाऊक नव्हता, इतकेच. शेवटी मालकाने दिवाळीनंतर पुन्हा कामावर घेण्याचे कबूल केले आणि दादा गोव्यातल्या एका संस्थेत सहा आठवड्यांसाठी गेला.

परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक प्रमाणपत्र होते आणि शंभर पानी वही होती. प्रमाणपत्र मामींनी देव्हाऱ्याशेजारी लावले. वही मी वाचायला मागून घेतली. आजवर मी वाचलेल्या वह्यांत तशी वही दुसरी नाही.

वर्ग चाले हिंदीत, मधूनमधून इंग्रजीत. दादाला इंग्रजी अक्षर लागते, पण वेग नाही. म्हणून त्याने ऐकले ते देवनागरीत उतरवले होते. ‘गुड इव्हिनिंग सर, मे आय टेक युवर ऑर्डर.’ ‘वुड यू केअर फॉर समथिंग टू ड्रिंक.’ त्याखाली काट्या-चमच्यांची चित्रे. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, धार आतल्या बाजूला. पाण्याचा ग्लास सुरीच्या टोकाशी. पदार्थ डावीकडून वाढायचा, रिकामी बशी उजवीकडून उचलायची. त्याच्या शेजारी हल्याळकडचा एक कानडी मुलगा बसायचा. त्याने हेच सगळे कानडी अक्षरांत लिहिले होते. रात्री दोघे वह्या ताडून पाहत. एकाचा उच्चार चुकला असेल तर दुसऱ्याच्या वहीत सापडे. इंग्रजी शिकण्याची ही तऱ्हा कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने सुचवल्याचे माझ्या वाचनात नाही. पण सीमाभागात ती चांगली चालते असे दिसते.

वहीतले एक पान मला विशेष आवडले. त्यावर फक्त दोन आकडे आणि मधे रेघ: ५ आणि ६०. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या उष्णतेत पडून राहिले की त्यात जंतू भराभर वाढतात; म्हणून गरम ते साठाच्या वर आणि थंड ते पाचाच्या खाली ठेवायचे. दादा म्हणाला, “आमचा आचारी तीन वर्षं मला ओरडत होता, सांबाराखालची आच सोडू नको म्हणून. का, ते एकदाबी सांगितलं न्हाई. मला वाटायचं गिऱ्हाइकाला गरम लागतं म्हणून.” आता त्याला कारण कळले होते. माझ्या मते त्या सहा आठवड्यांची खरी मिळकत ही. चार बशा हातावर न्यायला त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्याला तीन वर्षे नुसते हुकूम मिळाले होते. त्यांमागची कारणे सरकारने शिकवली. म्हणून अशा वर्गांना नावे ठेवणाऱ्यांशी मी वाद घालतो.

पण माझीही एक तक्रार आहे, आणि ती जरा लांबून सांगावी लागेल.

हॉटेलाचे शिक्षण सरकारने आपल्याकडे का काढले? प्रवासी यावेत म्हणून, असे आपण समजतो. सुरुवात तशी नाही. आज दादरला असलेली मुंबईची संस्था १९५४ साली ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिल या महिलांच्या संघटनेने, लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने काढली. धान्यटंचाईच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. आहे ते अन्न नीट वापरावे, चांगले शिजवावे, पुष्कळांना पुरवावे, हा विचार त्या काळचा. पुढे दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथेही संस्था निघाल्या. त्या बरीच वर्षे सरकारच्या अन्न खात्याकडे होत्या, आणि १९८२ साली पर्यटनाकडे आल्या. त्याच साली त्यांच्यावर देखरेखीसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. म्हणजे ज्या शिक्षणाचा जन्म भुकेच्या विचारातून झाला ते पुढे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात गेले. त्यात वाईट काही नाही. पण दिवाणखान्यात गेल्यावर भाषा बदलते.

आता या शिक्षणाचे दोन जिने आहेत. एक दादाचा, सहा आठवड्यांचा. दुसरा तीन वर्षांच्या पदवीचा. त्यात सहा सत्रे, आणि त्यांतले एक सत्र प्रत्यक्ष हॉटेलात काम करून शिकण्याचे. पर्वरीची गोव्याची संस्था आम्हाला जवळची. दादाची वही वाचून माझ्याही मनात ती पदवी आली होती, आणि बारावीच्या वर्षी मी माहितीपुस्तिका नीट वाचली. तीन वर्षांची फी लाखांच्या घरात जाते, तिथेच आमच्या घरी विषय संपला. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. माझ्या डोळ्यांत भरली ती दुसरीच ओळ: प्रवेशपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत.

मी मराठी शाळेत शिकलो, घराबाहेर कानडी बोलतो, आणि कॉलेजात इंग्रजीत जमाखर्च लिहितो. ती परीक्षा मी रेटून दिलीही असती. पण जरा विचार करा. इंजिनियर होऊ पाहणाऱ्याची जेईई मेन ही परीक्षा २०२१ पासून तेरा भाषांत होते. त्यांत मराठी आहे, कानडीही आहे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याची नीटही मराठीत आणि कानडीत देता येते. म्हणजे हृदय कसे चालते याचे उत्तर आमचा मुलगा मराठीत देऊ शकतो. पण पाहुण्याचे आदरातिथ्य करण्याची आपली लायकी त्याला मराठीत किंवा कानडीत सिद्ध करता येत नाही. हे कोडे मला आजतागायत उलगडलेले नाही.

आमच्या एका सरांपुढे हे मांडले तेव्हा ते म्हणाले, “अरे, परदेशी पाहुण्याशी काय मराठीत बोलणार आहेस?” नाही सर. इंग्रजी आलेच पाहिजे, आणि त्यासाठी त्या परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग आहेच. त्यात खुशाल नापास करा. पण अंकगणित, तर्कबुद्धी, सामान्यज्ञान, सेवेची वृत्ती आहे की नाही, हे तपासायलाही इंग्रजी-हिंदीच कशाला?

इथे मला मुंबईच्या कानडी रात्रशाळा आठवतात. आठवतात म्हणजे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या. उडुपी-मंगळूरकडची पोरे मुंबईच्या हॉटेलांत कामाला लागत, दिवसा कपबशा विसळत आणि रात्री कानडी शाळेत जात. माटुंग्याला १९४२ साली रामा नायकांचे उडुपी भोजनालय निघाले, त्या पिढीपासून ही परंपरा लोकांच्या तोंडी आहे: मोरीवरून वाढप्यावर, वाढप्यावरून गल्ल्यावर, आणि गल्ल्यावरून स्वतःच्या हॉटेलात. मधल्या पायऱ्यांवर रात्रशाळा होती, आणि ती त्यांच्या भाषेत होती. मराठी मुलखात कानडी शाळा! आमच्या भागात भाषेवरून काय काय झाले आणि होते हे या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना सांगायला नको. असो.

दादाचे पुढे काय झाले ते सांगतो. दिवाळीनंतर तो बेळगावच्या मालकाकडे न जाता गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलात मुलाखतीला गेला. प्रमाणपत्र पाहून त्याला आत घेतले. त्या कागदाशिवाय दारावरूनच परत आला असता, असे तो स्वतः म्हणतो. पहिल्या आठवड्यात एका गोऱ्या बाईंनी वहीत नसलेले काहीतरी विचारले. दादाने ‘येस मॅडम’ म्हटले. ते ‘नो’ म्हणायचे होते. दुसऱ्या दिवसापासून तो आत, बशा पुसण्यावर. तीन वर्षांपूर्वीच्या जागी. मग एके दिवशी हुबळीकडचे एक कुटुंब उतरले. आजी पथ्याच्या, लहान मूल हट्टाला पेटलेले, आणि बाहेरच्या एकाही कॅप्टनला कानडी येईना. कोणीतरी दादाला आतून बोलावले. त्याने हात पुसले, बाहेर येऊन आजींना “ऊटा आतेन्री?” म्हणजे जेवण झाले का, एवढेच विचारले. पुढचे चार दिवस ते कुटुंब दुसऱ्या कोणाच्या टेबलावर बसले नाही. तेव्हापासून दादा पुन्हा बाहेर आहे. हंगामात तिकडे, पावसाळ्यात इकडे.

त्याच्या प्रमाणपत्रावर नाव आहे, कोर्स आहे, तारखा आहेत. त्याला तीन भाषा येतात हे कुठेच नाही. अर्जातही तसा रकाना नव्हता. अर्ज मीच भरला होता, म्हणून खात्रीने सांगतो. गोव्यात उतरणाऱ्या पाहुण्यांत आपल्याच देशातले पुष्कळ जास्त, परदेशी थोडे. हुबळीच्या आजी त्यांच्यातल्याच. तरी त्यांच्याशी बोलता येणे हे हुनरात धरले जात नाही.

हिशेबाची आणखी एक बाजू आहे. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत शिकाऊ मुलाच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते असे ठरले. हॉटेलांनाही हे लागू. आधीपासून काम करणाऱ्याला त्याच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ च्या कौशल्य विकास योजनेत आहे. दादासारख्याला खरे तर हीच जास्त सोयीची होती. पण त्याच्या हॉटेलात हे सांगायला कोणी आले नाही, आणि त्याच्या मालकाने सांगण्याचा प्रश्नच नव्हता. प्रमाणपत्र मिळालेला सप्लायर गोव्याला जातो, हे मालकाला आपल्या मंत्रालयापेक्षा लवकर कळते.

सध्या मी आणि कानडी विभागातला माझा एक मित्र मिळून दादाच्या वहीची नवी प्रत करीत आहोत. डावीकडे इंग्रजी वाक्य, मग देवनागरीत, मग कानडी अक्षरांत. उजवीकडे त्याचा अर्थ दोन्ही भाषांत. दादाच्या गल्लीतली तीन मुले आणि हल्याळकडची दोन, एवढेच आमचे वाचक. काम बरे चालले होते, पण ‘वुड यू लाइक एनीथिंग एल्स, सर?’ या वाक्यापाशी अडले. मित्राने लगेच लिहिले, “मत्त एन बेकरी?” त्या शेवटच्या ‘री’त सगळा मान आला. मी मराठीत लिहिले, “आणखी काय हवं?” दादा म्हणाला, हे भांडायला उठल्यासारखे वाटते. “आणखी काही आणू का?” तर म्हणे मामी बोलल्यासारखे वाटते, गिऱ्हाईक उगीच नको म्हणते. पाच-सहा वाक्ये खोडून झाली. त्या ओळीचा मराठी रकाना अजून कोरा आहे. कोणाला सुचले तर वाचनालयात संध्याकाळी आम्ही दोघे असतो.