मोर्नच्या कड्यावरचं झुडूप

मॉरिशसच्या नैऋत्य टोकाला ल मोर्न ब्राबां हा 556 मीटर उंचीचा काळाकभिन्न कडा थेट समुद्रालगत उभा आहे. उसाच्या मळ्यांवरून पळालेले गुलाम याच कड्याच्या आसऱ्याला जायचे. त्यांच्या आठवणीसाठीच 2008 साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. या कड्याच्या खडकांत एक झुडूप उगवतं. रानात ते तिथेच सापडतं, जगात दुसरीकडे कुठेही नाही. शास्त्रीय नाव ट्रोकेशिया बुटोनियाना, इथल्यांच्या तोंडी बूक्ल दोरेय. 12 मार्च 1992 ला मॉरिशस प्रजासत्ताक झाला तेव्हा हेच राष्ट्रीय फूल ठरलं. तरीही मी विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी ते चित्रातच पाहिलेलं होतं. मला याचं फार वाईट वाटायचं.

मी मूळची चिपळूणची, लग्न होऊन पश्चिम किनाऱ्याजवळच्या कास्कावेलला आले. सासरची माणसं कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेल्यांच्या वंशातली. घरात क्रेओल आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. अंगणात जास्वंद, तुळस, आंबा, बोगनवेल, सगळं होतं. पण त्यातलं एकही झाड या बेटाचं नव्हतं. बेटावरही तीच गत. चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल 2 टक्केसुद्धा उरलेलं नाही. बाकी सगळा ऊस, घरं, रस्ते आणि बाहेरून आलेल्या चिनी पेरूची रानं. कड्यावरच्या झाडाची फांदी तोडून आणायची नाही, हे माझं पक्कं होतं. देशी झाडांच्या रोपवाटिकेतून दोन रोपं घेतली.

रोप हातात आलं तेव्हा आधी पान उलटून पाहिलं. वरून जाड, गडद हिरवं, आणि खालून रुपेरी-तपकिरी लव. बोटानं घासलं तर ती भुकटीसारखी हाताला लागते. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात पाणी राखून जगणाऱ्या झाडाचं हे पान आहे, हे बघताक्षणी कळतं. झाड जास्वंदीच्या कुळातलं, म्हणजे भेंडी-कापसाचंही नातेवाईक, आणि आपल्या मुचकुंदाला त्याहून जवळचं.

जागा निवडताना मी कड्याचाच विचार केला. ऊन भरपूर, पाणी न साचणारी जमीन, मुळांना धरायला दगड. दगडांची इथे ददात नाही. मळे साफ करताना मजुरांनी काळे दगड उचलून रचले, त्यांचे ढीग अजून उसाच्या मधोमध उभे आहेत. आमच्या मागच्या कुंपणाशीही तसाच एक जुना ढीग होता. त्यातले लहानमोठे दगड खड्ड्यात भरले, वर थोडी माती आणि पालापाचोळा.

सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, दगडांत काय लावतेस? शेणखत घाल की जरा."

"आई, हे कड्यावरचं आहे. लाड केले तर कुजेल."

त्यांना पटलं नाही, पण कुर्पांचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. कुर्पा म्हणजे आफ्रिकेतून आलेली हाताएवढी गोगलगाय. कोवळं रोप एका रात्रीत बुडखापर्यंत खाते. अंधार पडला की आई टॉर्च आणि बादली घेऊन फेरी मारायच्या. ती रोपं जगली यात माझ्यापेक्षा त्यांचा वाटा मोठा आहे.

जानेवारी 2024 मध्ये बेलाल चक्रीवादळ आलं. पोर्ट लुईच्या रस्त्यांतून गाड्या वाहून गेल्या. आमची पपई आडवी झाली. झुडपांची पानं फाटली, एक बुंधा कलला, पण मुळं दगडांतून हलली नाहीत. कललेलं झाड मी सरळ केलं नाही. कड्यावर तरी कोण करतं?

पहिली फुलं हिवाळ्यात आली, म्हणजे इथल्या ऑगस्टात. लालसर गुलाबी, पाच पाकळ्यांची, डुलासारखी खाली लोंबणारी. फूल हळूच वर करून आत पाहिलं तर तळाशी मध साचलेला, आणि त्यालाही रंग! लालसर. रंगीत मध फुलांच्या जगात फार दुर्मीळ. मॉरिशसमध्ये मात्र तो एकाहून अधिक झाडांत आढळतो, आणि त्यामागे इथल्या दिवसा हिंडणाऱ्या हिरव्या पाली आहेत असं संशोधकांना वाटतं. इल ओ एग्रेत या लहान बेटावर त्यांनी खोटी फुलं करून पालींपुढे ठेवली. पालींनी बिनरंगी मधापेक्षा रंगीत मध पसंत केला. याच कुळातल्या दुसऱ्या जातीवरचं, ट्रोकेशिया ब्लॅकबर्नियानावरचं, काम तर मला त्याहून मोलाचं वाटतं. वाकोआच्या दाट जाळीलगतच्या झाडांवर पाली जास्त येतात आणि त्या झाडांना फळंही जास्त धरतात. पाल ससाण्याला भिते. काटेरी पानांत तिला लपायला जागा लागते.

वाकोआ म्हणजे आपल्या केवड्याचा सख्खा भाऊ. आमच्या अंगणात तो नव्हता, तेव्हा मी तो आणून झुडपांच्या अगदी लगत लावला. देशी झाड एकटंच आणून शोभेला उभं करणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही. त्याची सोबत आणली नाही तर आपण फक्त फूल आणतो. दोन पावसाळ्यांत वाकोआ चांगला पसरला, आणि पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी निळ्या शेपटीची, पाठीवर तांबडे ठिपके असलेली पाल फुलात डोकं खुपसून बसलेली दिसली. बाहेर आली तेव्हा हनुवटीला पिवळे परागकण चिकटलेले. जीभ फिरवून तिनं डोळा पुसला आणि सरळ दुसऱ्या फुलाकडे गेली. मी आईंना हाक मारली. घरातली पाल दिसली की झाडू उचलणाऱ्या आमच्या आई, पण त्या दिवशी किती वेळ तशाच उभ्या राहिल्या.

त्याच सुमारास गणेश चतुर्थी आली. या देशात त्यासाठी सार्वजनिक सुट्टी असते. आईंनी एकच फूल खुडून बाप्पाला वाहिलं. मी म्हटलं, "अजून घ्या की, बरीच आहेत." त्या म्हणाल्या, "बाप्पाला एक पुरे. बाकीची पालींना."

त्या वर्षी फळं धरली. सुकून तडकायच्या आत बोंडं काढावी लागतात, नाहीतर बी दगडांत हरवतं. मी ते उथळ ट्रेमध्ये, बारीक खडीत पेरलं. उगवायला वेळ घेतं आणि सगळं उगवत नाही, पण मूठभर रोपं हाती लागली. ती डोंगरावर नेऊन लावायचा मोह मी टाळते. तिथे काय लावायचं हे जाणत्या लोकांनी, कड्यावरच्याच बियांतून ठरवावं. गावातल्या अंगणांत मात्र जागा हवी तेवढी आहे. शेजारचे एक म्हातारे तोंतों, म्हणजे काका, दोन रोपं घेऊन गेले, शाळेच्या बाईंनी चार मागितली आहेत. देताना मी प्रत्येक रोपाबरोबर वाकोआचंही एक रोप देते, आणि दोन्ही जवळजवळ लावायची असं वचन घेते.