कर्णाचं काय करायचं?

गेले आठ दिवस आमच्या कुर्ल्याच्या घरात महाभारत चालू आहे. भांडण या अर्थानेसुद्धा :) भाचा पंधरा वर्षांचा, भाची अकराची. शाळा सुरू व्हायला अजून आठवडा, पाऊस मात्र आधीच आला, त्यामुळे दोघंही माझ्या कॉम्प्युटरला चिकटलेली. खेळ 'बॅटल फॉर वेस्नॉथ'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली सुरू केलेला हा फुकट खेळ. षटकोनी घरांचा पट, पाळीपाळीने चाली, राजे, एल्फ, जादूगार वगैरे. गंमत म्हणजे प्रत्येक योद्ध्याचा हिशोब साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतो. उघडा, आकडे बदला, नवीन योद्धा तयार!

भाच्याने कर्ण तयार केला. 'मृत्युंजय' नुकतंच वाचून झालंय, तेव्हा दुसरं कोण असणार? साध्या एल्फ लढवय्याचे हिटपॉइंट ३३, तलवारीचे वार ५ चे चार. कर्णाचे हिटपॉइंट ९०, बाण १२ चे पाच, वर कवच असल्यामुळे लागलेला प्रत्येक वार निम्मा. शिवाय या खेळात बाणाला उत्तर फक्त लांबून मारता येणारं हत्यार असलेलाच देऊ शकतो. बिचारी तलवारवाली माणसं नुसती उभी राहून मार खायची. तीन डाव हरल्यावर धाकटी म्हणाली, "मामा, मी नाही खेळत." आणि खरंच पत्ते घेऊन बसली. एकटी.

आता याचं काय करायचं? मी आधी हिटपॉइंट ५० वर आणले. भाचा खवळला, "हा कर्ण नाही मामा, हा हवालदार आहे!" त्याचं म्हणणं मला पटलं. मग किंमत वाढवून पाहिली. डावाच्या सुरुवातीला १०० मोहरा मिळतात, कर्णच १०० ला. पठ्ठ्याने एकटा कर्ण घेतला आणि त्याच्यावरच डाव जिंकला.

शेवटी म्हटलं, ज्याने हा योद्धा मुळात घडवला त्यालाच विचारावं. व्यासांनी कर्णाचं धनुष्य कुठेही हलकं केलेलं नाही. त्याच्या ताकदीला अटी घातल्या. कवचकुंडलं आहेत, पण कुणी मागितली तर हा नाही म्हणणार नाही. बदल्यात इंद्राची शक्ती मिळाली, पण ती एकदाच वापरायची. मग कृष्णाने घटोत्कचाला पुढे केलं आणि अर्जुनासाठी राखलेलं ते अस्त्र त्याच्यावर खर्च झालं. (लोककथेतल्या बर्बरिकाचं तर शिरच मागून घेतलं. तो उपाय म्हणजे फाइलच डिलीट! तो मी भाच्याला सुचवला नाही.)

तर आकडे होते तसे परत ठेवले आणि तीन गोष्टी घातल्या. समोरच्याला डावात एकदा कवच मागता येईल. मागितलं की कर्णाला एक अमोघ बाण मिळेल, ज्याला लागेल तो संपला. आणि कर्ण रथात, म्हणजे चालीला घोडदळ. वेस्नॉथमध्ये घोडदळाला दलदलीचं एक घर चार चालींना पडतं आणि तिथे वार लागायची शक्यता ८० टक्के. चाक रुतणं आयतंच मिळालं. कुर्ल्यातल्या पावसाळ्यात वाढलेल्या भाच्यांना ते समजावून सांगावं लागलं नाही, हा एक फायदा.

धाकटी पत्ते टाकून आली. पण मला वाटलं होतं तसं पहिल्याच पाळीला तिने कवच मागितलं नाही. मागितलं की बाण तिच्या राजावर येणार, हे तिच्या लगेच लक्षात आलं. भाच्यालाही कळेना, ही कधी मागणार? म्हणून तो कर्णाला पूर्वीसारखा सरळ आत घुसवेना. एरवी वीस मिनिटांत संपणारा डाव दीड तास चालला. मध्ये तिने सगळ्यात स्वस्त भालाईत एकेक करून पुढे सरकवायला सुरुवात केली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"घटोत्कच आहेत," ती म्हणाली. "कवच मी नंतर मागणार आहे. त्याला सांगू नकोस."