लाकडी नंदी

पोळा जवळ आला की आमच्या कन्हानच्या सुतारांना मान वर करायला फुरसत नसते. एरवी खाटांचे पाय आणि दारांच्या चौकटी करणारा माणूस त्या आठवड्यात नंदी घडवू लागतो. अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. चाकांवरचे लाकडी नंदी, त्यांच्या गळ्यात घुंगरमाळा, शिंगांना बेगड. आणि त्यांना दोरीने ओढीत घरोघर बोजारा मागत हिंडणारी पोरे. विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे, की बोजारा म्हणजे नंदीच्या निमित्ताने मुलांच्या हातावर पडणारे पैसे आणि खाऊ.

काही वर्षांपूर्वी पोळ्याआधीच्या रविवारी मी आमच्या मंडळीच्या संडेस्कूलमध्ये सोन्याच्या वासराची गोष्ट सांगितली. निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात ती आहे. मोशे डोंगरावर गेलेला. इकडे लोकांनी अहरोनाकडून सोन्याचे वासरू ओतवून घेतले आणि त्याच्यापुढे नाचू लागले. मोशे खाली उतरला, त्याने ते वासरू जाळले, कुटून त्याचे पीठ केले आणि पाण्यात टाकून लोकांना पाजले. ही गोष्ट मी सहज निवडली असे म्हणालो तर ते खोटे होईल. पोळा तोंडावर होता. आमची मुले शेजारच्या मुलांमागून हिंडतात हे मला खुपत होते. माझ्या वडिलांनीही आम्हाला धर्म असाच शिकविला होता. गणपतीची मिरवणूक दारावरून जाऊ लागली की ते खिडक्या लावून घेत, आणि आम्ही फटीतून बघत असू. शिवाय कादंबऱ्या लिहिणाऱ्याला एक वाईट खोड असते. खलपुरुष ठळक रंगवला की नायकासाठी फारसे कष्ट पडत नाहीत. त्या रविवारी मी वासरू असे काही रंगवले, की मुले श्वास रोखून ऐकत राहिली. मी खुशीत घरी आलो.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी शेजारून रडणे ऐकू आले. जाऊन पाहतो तो ओसरीवर शेजारच्या मुलीचा नंदी आडवा पडलेला. एक शिंग तुटलेले, पुढचा एक पाय निखळलेला. नंदी तिच्या आजोबांच्या वेळचा. आणि हातात दगड घेऊन उभा होता आमचा धाकटा, वय वर्षे आठ. तो भ्यालेला नव्हता, उलट माझ्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहत होता.

"बाबा, मी मोशेसारखं केलं. पीठ करायचं राहिलं."

मारायला उचललेला हात तसाच राहिला. काय म्हणून मारायचे? धडा त्याने चोख पाठ केला होता.

"जाऊ द्या न मास्तर, पोट्टं हाय ते," मुलीची आई म्हणाली. तिने रागावून चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते. ती मुलगी मात्र माझ्या मुलाकडे पाहतच नव्हती. काल दोघे एका पाटावर जेवली होती.

त्या रात्री झोप आली नाही. आमच्या गावी रात्री नदीच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज दूरवर ऐकू येतो. तो ऐकता ऐकता मला रेव्हरंड टिळक आठवले. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले, ते याच लोहमार्गाने. म्हणजे ही नदी ओलांडूनच. गाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी त्यांच्या गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळक पेन्सिलीने खुणा करीत वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. त्या गृहस्थाने गाडीत टिळकांच्या देवांची निंदा सुरू केली असती, तर तो वादपटू ब्राह्मण राजनांदगाव येईपर्यंत त्याच्याशी भांडत बसला असता, आणि पुस्तक बाकावरच राहिले असते असे मला वाटते.

टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षे काय होती ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे. टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. शीघ्रकोपी होते, आणि बाईंनी ते लपवलेलेही नाही. पण बायकोचे सोवळे त्यांनी बळाने मोडले नाही. ते तिचे तिने सोडले. आमच्याच मुलखात आलेल्या हिस्लॉपसाहेबांचेही मला नवल वाटते. 1845 साली हा स्कॉटिश मिशनरी नागपूरला आला तो धर्म सांगायला. आणि गोंडांची लिंगोची गाणी कान देऊन ऐकून त्याने लिहून ठेवली. 1863 साली ओढ्याच्या पुरात तो बुडाला, त्यानंतर तीन वर्षांनी ते कागद छापले गेले. दुसऱ्याचे गाणे ऐकून घेतल्याने त्याचा विश्वास पातळ झाला असे काही कोणी म्हटलेले नाही.

मी मूर्तीला देव मानीत नाही. तेव्हाही नव्हतो, आजही नाही. पण आपण काय काय मानीत नाही हेच मी मुलाला इतकी वर्षे सांगत आलो होतो. येशू त्याला का आवडावा, हे सांगायला मी कधी बसलोच नव्हतो. सोपे नाही ते. वासरू फोडणे फार सोपे.

सकाळी आम्ही दोघे नंदी घेऊन सुताराकडे गेलो. सुताराने खुंटी तासली, पायात बसवली, सरस लावला. मुलगा उकिडवा बसून पाहत होता. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "बाबा, येशूपण सुतार होता ना? तोही मोडलेलं नीट करत असेल?" मी नुसती मान हलवली. सुतार हसून म्हणाला, "सुताराचं अर्धं काम तेच रायते, बाबू."

पुढच्या रविवारी मी मुलांना नदीवर नेले. भाद्रपदात काठावर काश फुललेला असतो. तिथे बसून डोंगरावरील प्रवचनातली रानफुलांची गोष्ट सांगितली. वासरासारखी ती रंगली नाही. दोन मुले तर पाण्यात खडे टाकीत होती.

शेजारची मुलगी बरेच दिवस आमच्या अंगणात आली नाही. माझा मुलगा दोनदा माफी मागून आला, तरी नाही. पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला दुपारी घुंगरांचा आवाज आला. बसवलेला पाय थोडा आखूड झाला होता, त्यामुळे नंदी एका अंगाला कलून चालत होता. ती पायरीशी थांबली. आत यावे की नाही अशी उभी राहिली. आमच्या घरून आजवर कोणाला बोजारा गेला नव्हता. मी खिसा चाचपीत होतो, तोवर धाकटा आतून आपला पैशांचा डबा घेऊन धावत आला आणि त्याने तो सबंध तिच्या ओटीत पालथा केला.