पांघरायची की टांगायची?

"आता गोधड्या शिवत नाहीस का गं?" घरच्या प्रत्येक कार्याला कुणीतरी विचारतंच. शिवते की! फक्त त्या पांघरता येत नाहीत, एवढंच.

शिकले आत्याकडे. वर-खाली जुनी लुगडी, मधे धोतरं आणि विरलेल्या चादरी. सगळं जमिनीवर ताणून अंथरायचं, लांब लांब टाके घालून पक्कं करायचं आणि मग धावदोरा. कडेपासून सुरुवात, चौकोनातून चौकोन करत आत आत. दोन ओळींत अंतर किती? बोटभर. पट्टी-टेप आत्याने कधी हातात धरली नाही.

पुढे एका पुस्तकात अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या पाहिल्या. शेतात घालून झिजलेल्या पँटी फाडून थंडीसाठी शिवलेल्या. २००२ साली त्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या. गुडघ्यावर ठिगळ होतं तिथे गडद निळा चौकोन तसाच उरलाय, बाकी कापड उन्हाने उडालेलं. मी त्या एका चौकोनाकडे कितीतरी वेळ बघत बसले. आम्ही असला तुकडा उलटा लावून लपवला असता. तेव्हापासून मी लपवणं सोडलं. सुटलेले धागे, हळदीचे डाग, रफू, सगळं वरच्या बाजूला. दोराही कापडाच्या रंगाचा न घेता विरुद्ध रंगाचा.

अर्थात हे काही फक्त परदेशातलं नाही. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची 'फुलं' लावतात. फुलं नसतील तर गोधडी नागडी! ऊब तर फुलांशिवायही मिळते. मग कला कधी सुरू झाली म्हणायची?

माझं पहिलं काम प्रदर्शनात लागलं तेव्हा शेजारी पाटी होती, 'हात लावू नये'. आत्याने पाटी वाचली, खुशाल हात फिरवला, कोपरा उलटून मागचे टाके पाहिले. म्हणाली, "उलटी बाजू बरी आहे. पण पांघरणार कोण?" भिंतीवर गेलेली गोधडी हाताला परकी होते हे मला अजून खुपतं. म्हणून विकताना मी सांगते, हात लावा. (काचेत बसवायची म्हणणाऱ्यांना शक्यतो देत नाही. असो.)

आत्या गेली. तिचं शेवटचं इरकली लुगडं माझ्याकडे आलं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय की सुई आपोआप आत जाते. वर्षभर ते एका मोठ्या कामासाठी राखून ठेवलं होतं, कागदावर आखणीही झाली होती. आणि आता पुतणीला बाळ होणार आहे, तिला आत्याआजीच्या लुगड्याचं दुपटं हवंय. दोन्ही गोष्टींना पुरेल एवढं कापड नाही. आठ दिवस कात्री हातात धरली नाही.

दुपटं होणार. कालच अंथरलं, कडेची पहिली ओळ घातली. बोटभर अंतर सोडून दुसरी. लाल काठ मात्र कापून माझ्याकडे ठेवलाय. तो कुणी मागू नका!